भैरू, सोफा आणि आजींचा गुडघा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून एका काकूंचा फोन आला. "कुत्रा सोफ्यावरनं उतरत नाही आणि उतरवायला गेलं की गुरगुरतोय. घरात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काय करायचं ते लवकर सांगा बघू." मी कुत्र्यांच्या वागण्यावर काम करते. सोफ्याची तक्रार आठवड्याला एखादी तरी येतेच आणि बहुतेक वेळा ती फोनवरच मिटते. इथे मात्र गुरगुरणं आणि ऑपरेशन या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या, म्हणून मी येत्या रविवारीच गेले. पुढे पाच महिने या घराशी संबंध राहिला. काय केलं, काय चुकलं आणि काय जमलं, ते घरच्यांच्या परवानगीने लिहितेय. माणसांची नावं देत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. आजींच्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदललेला, त्या वॉकर घेऊन चालत होत्या. काका गुळाच्या व्यापारात. सकाळी सातला बाहेर पडायचे, रात्री नऊला घरी. काकू शाळेत शिकवतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि भैरू, चारेक वर्षांचा तांबूस देशी कुत्रा, वजन १९ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. दोन वर्षांपूर्वी तो रस्त्याकडेला मागचा डावा पाय मोडलेल्या अवस्थेत मुलाला सापडला होता. कुत्रा हे भैरवाचं वाहन, म्हणून आजींनी नाव ठेवलं भैरू.

घडलं ते असं. ऑपरेशनला दोन आठवडे झाले होते. आजी वॉकर पुढे धरून सोफ्यावर टेकायला वळल्या आणि दुसऱ्या टोकाला झोपलेल्या भैरूने दचकून खाली उडी मारली. तो वॉकरच्या पायावर आदळला, वॉकर सरकला आणि आजी सोफ्याच्या हातावर आडव्या झाल्या. लागलं नाही, पण घर हादरलं. नवा सांधा बसवलेल्या माणसाने त्या दिवसांत पडणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आधीच बजावून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी निर्णय झाला: आजपासून भैरू सोफ्यावर नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दोन वर्षं तो सोफा भैरूचाही होता. तो चढायचा, कुणी काही म्हणायचं नाही, उलट अंगावर हात फिरवायचे. माणसांनी नियम एका संध्याकाळीत बदलला. भैरूला तो कळायला काहीच मार्ग नव्हता. त्याच्या बाजूने पाहिलं तर कालपर्यंत हात फिरवणारी माणसं आज त्याच जागेवरून त्याला गळपट्टा धरून ओढत होती.

तिसऱ्या दिवशी तो गुरगुरला. कुणाच्या तरी ओळखीतून एक प्रशिक्षक आले. त्यांनी सांगितलं, कुत्रा उंचावर बसतो म्हणजे स्वतःला घराचा मालक समजतो, त्याला पाठीवर पाडून दाबून धरा. काकांनी दोनदा तसं केलं. गुरगुरणं थांबलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. दोन दिवसांनी काकांनी गळपट्ट्याला हात घातला, तेव्हा भैरूने आवाज न करता थेट मनगट तोंडात धरलं. कातडी फुटली नाही, दातांचे वळ तेवढे उठले. मग मला फोन आला.

या मालकीच्या कल्पनेबद्दल मी थोडं सविस्तर सांगते, कारण तिने घरोघरी कुत्र्यांचं नुकसान केलंय. तिचं मूळ प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासात आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर तो केलेला होता. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका आवारात ठेवले की मारामाऱ्या होणारच, आणि त्या मारामाऱ्यांतून 'कळपाचा पुढारी' ही कल्पना निघाली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. पुढे याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांबरोबर काढले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे साधं कुटुंब असतं. ज्याच्यामुळे कल्पना पसरली त्यानेच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र अजून कुत्र्यांना पाठीवर पाडलं जातंय. कुत्रा सोफ्यावर चढतो तो सोफा मऊ असतो म्हणून.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने शब्दांत सांगणं आहे: मला हे सोसत नाही, थांबा. ते दाबलं की कुत्र्याचं न सोसणं संपत नाही, फक्त सांगणं संपतं. मग तो सरळ दात लावतो. काकांच्या मनगटावर नेमकं हेच झालं होतं. म्हणून मी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या पहिली विनंती केली की यापुढे तो गुरगुरला तर हात मागे घ्यायचा आणि रागवायचं नाही.

मग मी दीड तास फक्त बसून पाहिलं. प्रत्येकाला सांगितलं, एरवी त्याला कसं उतरवता ते करून दाखवा, पण हात लावू नका.

काकू म्हणाल्या, "भैरू, खाली!" भैरूने पुढचे पाय ताणले आणि पोट सोफ्याला घट्ट टेकवलं. "बघितलंत? मुद्दाम करतोय." मी मुलाला विचारलं, तू याला काय काय शिकवलंयस? तो म्हणाला, शेकहँड, आणि 'खाली बस'. मी त्याला जमिनीवर करून दाखवायला सांगितलं. मुलगा म्हणाला "खाली", आणि भैरू तत्काळ पोटावर बसला. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. काकू जे सांगत होत्या ते भैरू अक्षरशः ऐकत होता. खाली म्हणजे पोटावर बस, हे त्याला शिकवलेलं होतं आणि सोफ्यावर तो तेच करत होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मी त्याला किती बोलले हो," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगा 'ऑफ' म्हणायचा. आजी म्हणायच्या "उतर की रं बाबा". काका "हाड्" म्हणायचे आणि म्हणताना भैरूच्या अंगावर वाकायचे. या 'हाड्'पाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला हा शब्द आईच्या दुधाबरोबर कळलेला असतो, आणि त्याच्या मागोमाग काय येतं तेही. माणूस वाकला म्हणजे दगड उचलणार. रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्यासमोर नुसतं चपलेचा बंद लावायला वाका, तो चार पावलं मागे सरकलेला दिसेल. भैरूची पहिली दोन वर्षं रस्त्यावर गेली होती. काका वाकले की त्याच्या लेखी दगड येत होता, आणि सोफ्याच्या कोपऱ्यात पळायला जागा नव्हती. मी काकांना ताठ उभं राहून, अंग थोडं तिरकं करून, दोन पावलं मागे जाऊन त्याला हाक मारायला लावली. भैरू जागचा हलला नाही, पण कान सैल पडले, म्हणजे ताण उतरत होता. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे मी त्याला दगडच दाखवत होतो की."

नंतर मी सोफ्यावर बसले आणि मग जमिनीवर. प्रत्येक घरी मी हे करते. फरशी ओलसर गार होती. कोल्हापुरातला जुलै, बाहेर धार लागलेली. सोफा खिडकीला लागून, तिथून फाटक आणि रस्ता दिसतो. भैरूचं अंथरूण म्हणजे बाल्कनीतलं एक गोणपाट, त्यावर पावसाचे शिंतोडे उडत होते. म्हणजे अख्ख्या घरात मऊ, कोरडी, माणसांजवळची आणि बाहेरचं दाखवणारी अशी एकच जागा होती. तिथून उतर म्हणणाऱ्यांनी कुठे जा हे सांगितलंच नव्हतं.

शिकवणीला हात घालण्याआधी मी त्यांना पशुवैद्यांकडे पाठवलं. अचानक गुरगुरू लागलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही पायरी मी कधीच गाळत नाही. एक्स-रेमध्ये दिसलं की मोडलेलं हाड किंचित वाकडं जुळलंय आणि वरच्या सांध्यात झीज सुरू झालीय. पावसाळी गारठ्यात तो पाय दुखत असणार, आणि गळपट्टा ओढला की सगळा भार त्याच पायावर यायचा. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. काकांनी मध्येच विचारलं, घरातली दुखण्यावरची गोळी अर्धी देऊ का? डॉक्टरांनी ठाम नको सांगितलं, आणि मीही इथे सांगते: आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असतात. अर्धी, पाव काहीही देऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. आधी गोधडी. आजींची दोन जुनी नऊवारी लुगडी होती, एक जांभळं आणि एक हिरवं. आजींनीच सुचवलं की त्यांची गोधडी करू. गल्लीतल्या एक बाई गोधड्या शिवून देतात. आत जुन्या सुती चादरींचे थर, वर लुगड्याचं कापड, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोऱ्याचे टाके. अशा दोन गोधड्या करून घेतल्या. पावसात एक धुतली की तीन दिवस वाळत नाही, म्हणून दोन. खाली जुन्या गादीचा तुकडा. जागा सोफ्याच्या डाव्या हाताला, खिडकीखालची, जिथून मान वर केली की फाटक दिसतं आणि आजींच्या वाटेत काही येत नाही. गोधडी पहिल्यांदा टाकली तेव्हा भैरूने तिचा एक एक कोपरा हुंगला, जांभळ्या काठापाशी नाक खुपसून बराच वेळ उभा राहिला, तीन गिरक्या घेतल्या आणि बसला. आजींचा वास होता तो.

दुसरं, सोफा बंद करणं. घरात कुणी नसेल किंवा लक्ष ठेवता येणार नसेल तेव्हा सोफ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या ठेवायच्या. दिसायला वाईट दिसतं हे मान्य. पण भैरू एकदा चढला की त्याला मऊ गादीचं बक्षीस मिळालंच, ते नंतर रागावून परत घेता येत नाही. चढायची संधीच न देणं हा शिकवणीचा निम्मा भाग असतो. बाजारात विजेचा सौम्य झटका देणाऱ्या चटया मिळतात, त्याबद्दल मुलाने विचारलं. मी सरळ नकार दिला. दुखऱ्या पायाचा आणि आधीच घाबरलेला कुत्रा झटका बसला की त्याचा संबंध सोफ्याशी जोडेल की शेजारी बसलेल्या आजींशी, हे कुणीच सांगू शकत नाही.

तिसरं, शब्द. 'खाली', 'ऑफ', 'हाड्' तिन्ही रद्द. सोफ्यावरून उतरायला 'उतर' आणि गोधडीवर जायला 'जागेवर'. चौघांनीही हेच म्हणायचं. मुलाने दोन्ही शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले.

'जागेवर' शिकवायला मी आजींना निवडलं. घरच्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांना वॉकरशिवाय चालता येत नव्हतं. पण त्या दिवसभर घरात असत, त्यांचा आवाज एका पट्टीतला होता आणि सहा वाजता हरिपाठ म्हणजे सहालाच. ज्या माणसाची दिनचर्या अशी आखीव असते त्याच्याकडून कुत्रा सर्वांत लवकर शिकतो. आजी खुर्चीत बसायच्या, शेजारी स्टुलावर वाटी. वाटीत उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे. श्रावण लागला तेव्हा पनीर. भैरूने एक पाय जरी गोधडीवर टाकला तरी तुकडा गोधडीवर टाकायचा. हातात द्यायचा नाही, कारण बक्षीस जिथे मिळतं ती जागा कुत्र्याला प्यारी होते. तुकडा सेकंदाभरात पडला पाहिजे. उशीर झाला की तो वळून आजींकडे यायला निघालेला असतो आणि मग आपण येण्याचं बक्षीस देऊन बसतो.

आजींचा हात पहिल्याच दिवशी बसला. आयुष्यभर तांदूळ निवडलेला तो हात, डोळा आणि बोट एकदमच चालायचं. पाच मिनिटांचा एक डाव, दिवसातून तीन. चौथ्या दिवशी भैरू स्वतःहून जाऊन बसू लागला, तेव्हा आम्ही 'जागेवर' हा शब्द जोडला. शब्द आधी लावला असता तर तोही त्या चार शब्दांच्या गोंधळात पाचवा ठरला असता. मग बसून राहण्याचा वेळ वाढवला: तीन सेकंद, पाच, मध्येच पुन्हा दोन, मग दहा. नेहमी चढतंच नेलं तर कुत्रा कंटाळतो, म्हणून मध्ये सोपं. जेवढं वाटीतून जाईल तेवढं त्याच्या जेवणातून कमी केलं. सांधा दुखणाऱ्या कुत्र्याचं वजन वाढू देणं हा गुन्हा आहे.

नोंदी आजींनी कालनिर्णयवर ठेवल्या. दुधाच्या हिशेबाशेजारी त्याच चौकोनात, सोफ्यावर चढला की 'च', सांगितल्यावर गोधडीवर गेला की टिंब, आणि स्वतःहून गेला की टिंबाभोवती गोल.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी गेले आणि ते पान पाहिलं. दिवसभर टिंबंच टिंबं, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनाच्या तळाशी एक किंवा दोन 'च'. आजींना वेळ विचारली. त्या काकांकडे न बघता म्हणाल्या, "रात्रीचं. बातम्यांच्या टायमाला." काका गप्प होते. मग म्हणाले, "दिवसभर मार्केट यार्डात आरडाओरड, हिशेब, उधारी. रात्री अर्धा तास तो मांडीवर डोकं ठेवून पडतो, तेवढंच मला बरं वाटतं. मीच थाप मारतो सोफ्यावर. खोटं कशाला बोलू."

त्यांचं मी मनापासून ऐकलं, कारण हे दुखणं खरं होतं. पण त्या अर्ध्या तासाची किंमतही सांगितली. नळाला पाणी येतच नाही हे नक्की ठाऊक असलं तर माणूस दोन दिवसांत त्या नळाचा नाद सोडतो. पण कधी पहाटे, कधी रात्री, कधीही पाणी येत असेल तर तो तोटी उघडी ठेवून बादली लावून बसतो. भैरूसाठी सोफा तसा नळ झाला होता. रोज चढू दिलेल्या सवयीपेक्षा कधीमधी चढू दिलेली सवय मोडायला कितीतरी जड असते, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून हे गेल्या शतकातच दाखवून दिलंय. रात्री मिळणाऱ्या त्या एका होकारामुळे आजींच्या दिवसभराच्या टिंबांना बूडच राहत नव्हतं.

घरासमोर मी दोन वाटा ठेवल्या. एक, सोफ्यावर ठरावीक चादर पसरली की आणि बोलावलं तरच चढायचं. पुष्कळ घरांत हे छान चालतं. कुत्र्याने सोफ्यावर बसण्यात वाईट काहीच नाही. दुसरी, सोफा पूर्ण बंद. काकूंचा कल पहिल्या वाटेकडे होता. पण भैरूचा पाय दुखरा होता, वरून उडी मारणं त्याच्याही सांध्याला वाईट होतं, आणि वॉकर अजून महिनाभर तरी घरात राहणार होता. आजी म्हणाल्या, "पूर्णच बंद करू. मला त्याच्यावर ओरडायचं नाही." मग काकांचा प्रश्न उरला. तो काकांनीच सोडवला. त्यांनी माळ्यावरनं जुना लोड काढला, गोधडीशेजारी सतरंजी टाकली आणि रात्री सोफ्याला पाठ लावून ते खाली बसू लागले. भैरूचं डोकं पुन्हा मांडीवर आलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. कुत्र्याला माणसाची मांडी हवी होती आणि माणसाला कुत्र्याचं डोकं, सोफा त्या दोघांनाही नको होता.

तरी पुढचे चार दिवस कठीण गेले. रात्री काका खाली बसलेले असतानाही भैरू सोफ्यासमोर उभा राहून भुंकायचा, पायाने गादी खरवडायचा, एकदा उशी ओढून पाडली. काकूंचा फोन: "बिघडला हो आणखीनच." हे व्हायचंच असतं. नळाला पाणी आलं नाही की माणूस आधी तोटी आणखी पिळतो, नळाला दोन थापा मारतो, मग सोडून देतो. भैरू तोटी पिळत होता. या दिवसांत कुणी एकदा जरी हरून "ये बाबा" म्हटलं असतं तर पुढच्या वेळी त्याने दुप्पट पिळली असती. कुणी म्हटलं नाही. पाचव्या रात्री तो भुंकला नाही.

तिसऱ्या आठवड्यातली चूक माझी होती. 'उतर' शिकवताना मी सांगितलं होतं की तो चढलाच तर हात लावायचा नाही, तुकडा दूर जमिनीवर टाकायचा आणि तो उतरता उतरता 'उतर' म्हणायचं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याशी सुरुवात अशीच करावी लागते; ओढाताण टळते आणि उतरणं म्हणजे काहीतरी मिळणं, हे त्याच्या मनात बसतं. पण हे कधी बंद करायचं ते मी वेळेवर सांगितलं नाही. मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत भैरू पुढचे दोन पाय सोफ्यावर ठेवतो, मुलाकडे बघतो, उतरतो आणि शेपूट हलवत वाटीकडे तोंड करतो. पुन्हा दोन पाय, पुन्हा उतरला. चढल्याशिवाय उतरण्याचे पैसे मिळत नाहीत, हे त्याने बरोबर ताडलं होतं. चढणं ही त्याची मजुरीची पहिली पायरी झाली होती.

मग हिशेब बदलला. 'उतर'ला फक्त शाबासकी, लगेच 'जागेवर', तिथे पाच-सहा सेकंद बसल्यावर एक साधा तुकडा पोळीचा. आणि न सांगता गोधडीवर पडलेला दिसला की कलेजी, तीही एकापाठोपाठ तीन. आजींच्या कालनिर्णयवरच्या गोलवाल्या टिंबांचं मोल सगळ्यांत जास्त ठरलं. आठ दिवसांत दोन पायांचा खेळ बंद झाला. तेव्हापासून 'उतर' शिकवतानाच तुकडे कधी थांबवायचे तो दिवस मी वहीत लिहून देते.

मग गणपती आले. आरतीला माणसं, लहान मुलं, मोदकांचा वास. पाहुण्यांना दारातच सांगितलेलं होतं की भैरूला सोफ्यावर बोलवायचं नाही आणि शिऱ्यातले बेदाणे द्यायचे नाहीत; बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात. दोन दिवस भैरू गोधडीवरून हललाही नाही. तिसऱ्या दिवशी गौरी बसवायला जागा हवी म्हणून सोफा समोरच्या भिंतीला सरकवला आणि गोधडी दाराजवळ नेली. आजी म्हणाल्या "जागेवर", आणि भैरू खिडकीखाली जाऊन रिकाम्या फरशीवर बसला. त्याने 'जागेवर' म्हणजे तो कोपरा असं शिकलं होतं, आम्हाला म्हणायची होती गोधडी. दोष त्याचा नव्हता, आम्ही गोधडी कधी हलवलीच नव्हती. नंतरच्या आठवड्यात ती रोज वेगळ्या ठिकाणी टाकून, आधी वीतभर, मग हातभर, मग दुसऱ्या खोलीत, हे नव्याने शिकवलं. नवीन काही शिकवायला जितके दिवस लागतात त्याच्या पाव दिवसांत ते झालं.

विसर्जनाच्या रात्री खाली फटाक्यांची माळ लागली. भैरू थरथरत उठला आणि सोफ्यावर आजींच्या पाठीमागे जाऊन घुसला. काकूंनी 'उतर' म्हणायला तोंड उघडलं होतं, आजींनी हात वर करून थांबवलं. त्यांनी बरोबर केलं. भ्यालेला कुत्रा शिकत नसतो, तो जीव वाचवत असतो. आजींनी त्याच्या अंगावर पदर टाकला, मुलाने खिडक्या लावल्या, आवाज थांबल्यावर वीस मिनिटांनी तो आपणहून उतरून गोधडीवर गेला. त्या चौकोनात आजींनी 'च' लिहिला नाही. दिवाळीआधी डॉक्टरांचा सल्ला घेऊन आतल्या खोलीत कपाटामागे दुसरी गोधडी टाकली आणि फटाके सुरू व्हायच्या आत त्याला तिथे न्यायचं ठरवलं. दिवाळीचे चारही दिवस तो तिथेच होता, शेजारी मुलगा अभ्यासाला बसलेला.

डिसेंबरमध्ये मी शेवटची गेले. वॉकर माळ्यावर गेला होता, आजी काठी घेऊन फिरत होत्या. ऑक्टोबरच्या पानावर दोन 'च' होते, नोव्हेंबरच्या एकही नाही. सोफ्यावरच्या खुर्च्या दसऱ्यानंतरच निघाल्या होत्या. गुरगुरणं जुलैनंतर दोनदा झालं, दोन्ही वेळा पाय पुसताना, आणि दोन्ही वेळा काकांनी हात मागे घेतला. आता पाय पुसायचा असला की ते सतरंजीवर बसतात आणि भैरू स्वतः पंजा पुढे करतो. मुलाने शिकवलेला शेकहँड तिथे कामाला आला. थंडीत सांधा आखडतो म्हणून गोधडीखाली आणखी एक थर टाकायला सांगितलं.

निघताना काकूंनी विचारलं, संक्रांतीला गावी जायचंय, तिथे सोफा नाही पण ओटीवर दिवाण आहे, त्यावर चढला तर? दिवाणाचा नियम तिथल्या माणसांनी आधी ठरवा म्हटलं, आणि जांभळी गोधडी न धुता सोबत न्या.